'आळशी' म्हणण्यापूर्वी

आठवीत असताना इंग्रजी शब्दांविषयी आमची समजूत अगदी सरळ होती : मार्गदर्शकातला मराठी अर्थ पाठ झाला, म्हणजे शब्द आला. 'लेझी', 'आयडल', 'स्लगिश', 'लेथार्जिक' या सगळ्यांपुढे मार्गदर्शकाने 'आळशी' किंवा 'सुस्त' एवढेच छापलेले असे, आणि परीक्षेला तेवढे पुरतही असे. आमच्या इंग्रजीच्या बाईंना मात्र ते मुळीच पटत नसे. फळ्याच्या डाव्या बाजूला त्या हे शब्द एकाखाली एक लिहीत, समोरची जागा कोरी ठेवीत आणि विचारीत, "हा शब्द कोणाला लावाल? आणि लावलात, तर दोष कोणाच्या पदरात पडतो?"

ते वर्ष गिरणी संपाचे होते. जानेवारी १९८२मध्ये मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या आणि आमच्या वर्गातल्या कित्येकांचे वडील, काका, मामा गावी परतले. शेतातली कामे उरकली की ही माणसे दुपारी देवळाच्या पारावर बसलेली दिसत आणि येणारा-जाणारा त्यांना रिकामटेकडे म्हणून मोकळा होई. बाईंनी तोच विषय वर्गात घेतला. बंद गिरणीतले माग 'आयडल' आहेत, कारण त्या शब्दाचा जुना अर्थच रिकामा, ओस असा आहे. आणि माग रिकामे, म्हणून कामगारांचे हातही रिकामे. 'लेझी' म्हणायचे, तर काम समोर असून ते करण्याची इच्छा नसली पाहिजे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. एरवी खाली मान घालून बसणारा तो मुलगा त्या तासाला सरळ फळ्याकडे बघत होता, हे मला आजही स्पष्ट आठवते.

ही सवय मग इंग्रजीच्या तासापुरती राहिली नाही. विज्ञानात निष्क्रिय वायू शिकताना आरगॉनचे नाव ग्रीक 'आर्गोस', म्हणजे काम न करणारा, यावरून पडल्याचे कळले. रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४मध्ये शोधलेला हा वायू हवेत जवळजवळ एक टक्का असूनही सहसा कशाशी संयोग पावत नाही, आणि नेमक्या याच गुणामुळे तो विजेच्या दिव्यात भरला जात असे. 'स्लॉथ' या शब्दाची कथा मात्र मला अन्यायाची वाटते. ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांपैकी एकाचे हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या, झाडावर राहणाऱ्या एका प्राण्याला देण्यात आले. तो पाने खातो, पानांतून ऊर्जा थोडी मिळते, म्हणून त्याचे शरीर ती जपून वापरते. यात पाप कसले? पुढे १७९१मध्ये जॉर्ज शॉ याने आपल्याकडच्या अस्वलालाही त्याच प्राण्याच्या वंशात बसवले, आणि धावताना माणसाला सहज मागे टाकणारे मेळघाटातले अस्वल इंग्रजीत अजूनही 'स्लॉथ बेअर' म्हणूनच ओळखले जाते.

मी बालरोगतज्ज्ञ झालो आणि बाईंचा प्रश्न रोज समोर येऊ लागला. 'लेथार्जी' या शब्दात 'लेथे', म्हणजे विस्मृती, आणि तोच 'आर्गोस' आहे. ग्रीक वैद्य तो एका आजाराचे नाव म्हणूनच वापरीत. तापाने आलेले मूल हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा ग्लानीत जाते, आईकडे बघत नाही, तेव्हा आम्ही केसपेपरवर 'लेथार्जिक' लिहितो, आणि तो शब्द लिहिला गेला की मूल तातडीने दाखल केले जाते. याउलट काही नवजात बाळे इतकी शांत असतात की घरचे कौतुकाने सांगतात, "फार गुणी आहे हो, रडतच नाही." दूध ओढायला मंद, सदा झोपेत, कावीळ रेंगाळलेली, अशा बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी करावी लागते. ते संप्रेरक जन्मतःच कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलांची बुद्धी व वाढ सर्वसाधारण होते. उशीर झाला, तर झालेले नुकसान पुरते भरून येत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत रक्तक्षय हे मोठे कारण असते. वर्गात जांभया देणारी, खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसणारी मुलगी प्रगतिपुस्तकात 'आळशी' ठरते, आणि तिच्या पापणीचा आतला भाग मात्र पांढुरका पडलेला असतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीच मुलगी काही आठवड्यांत मैदानात उतरलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आजच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, शेऱ्याच्या रकान्यात 'आळशी' न लिहिता जे दिसते ते लिहावे : कोणत्या तासाला डुलकी लागते, जिना चढताना दम लागतो का, डबा संपतो का, आणि हे कधीपासून आहे.