जुनी रेमिंग्टन ८७०: नवा पार्ट बसतो, मग चालत का नाही?

रेमिंग्टनने ८७० ही पंप अ‍ॅक्शन बंदूक (पुढचा दस्ता मागेपुढे ओढून चालवायची) १९५० साली आणली आणि तिचे एक कोटीहून जास्त नग बनले. त्यामुळे अमेरिकेत तिचे सुटे भाग सहज मिळतात, आणि घोळही तिथूनच सुरू होतो. पाकिटावर ‘८७० साठी’ छापलेलं असतं. कुठल्या काळातल्या ८७० साठी, ते नसतं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी आपली बंदूक नेमकी कुठली ते बघा. नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ (यंत्रणा असलेला बंदुकीचा मधला धातूचा भाग), छोटी अक्षरं ठोकलेली असतात. त्यातलं पहिलं महिन्याचं: बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, असं ‘ब्लॅकपावडर’चं स्पेलिंग आणि शेवटी डिसेंबरचा एक्स. पण ही तारीख नळीची. नळी मध्येच कुणी बदलली असेल, तर रिसीव्हरचं वय तिच्यावरून कळत नाही. नंतरच्या रिसीव्हरवर नंबराच्या शेवटी अक्षर असतं. बारा बोअरमध्ये व्ही असेल तर पावणेतीन इंची काडतूस, एम असेल तर तीन इंची मॅग्नम. पावणेतीन इंची रिसीव्हरवर तीन इंची चेंबरची (काडतूस बसायच्या जागेची) नळी आरामात बसते आणि फसवते. रिसीव्हरच्या आत रिव्हेटने पक्का केलेला इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) लांब काडतुसासाठी नसतोच, त्यामुळे उडालेलं तीन इंची काडतूस बाहेर पडताना अडकतं. अशा बंदुकीत पावणेतीन इंचीच वापरायचं. इजेक्टर बदलणं गनस्मिथचं काम आहे.

नळी बदलल्यावर हमखास येणारी दुसरी तक्रार म्हणजे मॅगझिनची (बंदुकीच्या नळीखालच्या, काडतुसं भरायच्या नळीची) टोपी सैल होत जाते. जुन्या नळीच्या कड्यात स्प्रिंगवर दाबलेली छोटी खिटी असते आणि ती टोपीच्या दात्यांत अडकते. नंतरच्या एक्सप्रेस (८७० चं स्वस्त मॉडेल) नळ्यांवर ही खिटी नाही. तिथे टोपी धरायचं काम मॅगझिनच्या तोंडाशी असलेला प्लॅस्टिकचा तुकडा करतो. नवी नळी आणि जुनी टोपी एकत्र आली की दोन्हींपैकी कुणीच टोपी धरत नाही. टोपी आणखी आवळून उपयोग नाही, जोडी जुळवा.

एक्सप्रेसची नळी जुन्या विंगमास्टरवर (८७० चं जास्त सफाईचं मॉडेल) चढवली आणि उडालेलं काडतूस ओढून निघेना, की सगळे एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतुसाची कड धरून ओढणाऱ्या आकड्याच्या) मागे लागतात. बहुतेक वेळा दोष चेंबरचा असतो. एक्सप्रेसचं चेंबर तितकं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नसतं, आणि पितळेऐवजी लोखंडी बुडाची स्वस्त काडतुसं त्यात फुगून चिकटतात. आधी चांगल्या पितळी बुडाची काडतुसं वापरून बघा. ती निघाली तर एक्स्ट्रॅक्टरला हात लावू नका. जुन्या ब्रशवर सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल गुंडाळा, तेल लावा आणि हळू चालणाऱ्या ड्रिलने फक्त चेंबर अर्धा ते एक मिनिट घासा. पुढच्या नळीत जायचं नाही. नंतर वूलचा एकही तंतू आत राहू देऊ नका.

माझ्या मते जुन्या ८७० वर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले फ्लेक्सी टॅब कॅरियरवर (काडतूस वर उचलणाऱ्या सुधारित पट्टीवर) करावेत; दिखाऊ दस्ते नंतर. भरताना काडतूस लॅचच्या (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणाऱ्या पट्ट्यांच्या) पुढे पूर्ण ढकललं गेलं नाही, तर ते मागे घसरून कॅरियर आणि बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या) मध्ये पडतं आणि जुनी बंदूक जागच्या जागी जाम होते. नव्या कॅरियरला इंग्रजी यू अक्षरासारखा काप देऊन लवणारी जीभ केलेली असते. पण नुसता कॅरियर बदलून भागत नाही. बोल्टखालची स्लाइडही खाच असलेली लागते, नाहीतर जिभेला जायला जागाच उरत नाही. दोन्ही एकत्रच घ्या. कॅरियर काढताना ट्रिगर प्लेटमधली बारीक स्प्रिंग आणि तिच्यावरची खिटी उडते. काम पारदर्शक पिशवीत हात घालून केलेलं बरं.

एका ओढीत दोन काडतुसं येत असतील तर मॅगझिनची स्प्रिंग बदलू नका, लॅच बघा. दोन्ही लॅच रिसीव्हरच्या खाचेत कडा ठोकून बसवलेले असतात. ती ठोक सैल झाली की लॅच हलतात. फोरएंड (हाताने ओढायचा पुढचा दस्ता) परत घालताना आधी उजवा, मग डावा लॅच दाबायचा. जोर लावून फोरएंडचे बार आत रेटल्यानेच लॅच बिघडतात.

बाजूला काडतुसं अडकवायचा साइड सॅडल लावल्यावर पंप जड झाला तर सॅडलचे बोल्ट थोडे ढिले करा. जास्त आवळल्याने रिसीव्हर चिमटला जातो. जुना लांब लाकडी फोरएंड मागे येऊन सॅडलवर आपटतो, तिथे आखूड फोरएंडच हवा. तो घेण्याआधी अ‍ॅक्शन बारची नळी मोजा, कारण तिच्याही वेगवेगळ्या लांबी आहेत.

मॅगझिन लांब करताना नव्या बंदुकांत मॅगझिनच्या नळीच्या तोंडाशी दोन खळगे आडवे येतात. जुन्यांत ते नाहीत, तिथे फक्त पत्र्याची वाटी उचकून काढायची. ती निघताच स्प्रिंग उसळते, आपलं तोंड बाजूला ठेवा. नवी स्प्रिंग मॅगझिनच्या नळीबाहेर साधारण फूटभर राहील एवढी हवी. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला अमेरिकेत चेंबर धरून तीनच काडतुसांची मर्यादा आहे, त्यासाठी प्लग (मॅगझिनमधली जागा कमी करणारी दांडी) परत घालावा लागतो. अठरा इंचांहून आखूड बंदुकीची नळी तिथे वेगळ्या संघीय कायद्यात जाते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही ‘शस्त्र’च ठरतात, तेव्हा इथल्या परवानाधारकाने हे काम परवाना असलेल्या दुकानातच न्यावं.

एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक बदलानंतर डमी (बिनदारूच्या) काडतुसांनी मॅगझिन भरून, कधी सावकाश तर कधी जोरात, पंप चालवून बघा. लॉकिंग ब्लॉक (बोल्ट नळीत अडकवून धरणारा तुकडा) किंवा बोल्ट बदलला असेल तर डमी पुरत नाहीत. आधी हेडस्पेस गेजने (बंद बोल्टपुढे काडतुसाला उरणारी जागा मोजायच्या मापाने) मोजणी, मगच खरं काडतूस.