सिंहगड बंद, जिना चालू: टाचेच्या शिरेची वही, आठवडा १४

मंडळी, "गडावर दिसत नाहीस हल्ली?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. दिसणार कसा? उजव्या टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर (अकिलिस टेंडन), दुखावलीय. गेले तीन महिने माझा गड म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी.

आधी गुन्हा कबूल करतो. जूनपर्यंत आठवड्याला एक सिंहगड. पायथ्याच्या आतकरवाडीतून निवांत चढायचं, वर मडक्यातलं दही खायचं, उतरायचं. पाऊस सुरू झाला आणि अंगात आलं. जुलैत आठवड्याला चार, त्यातले रविवारी लागोपाठ दोन. त्यात सेलमधून घेतलेले सपाट तळाचे नवे बूट. टाच जेवढी खाली, तेवढा पोटरीवर आणि शिरेवर ताण जास्त. घेताना हे डोक्यात आलं नाही, रंग आवडला होता. वय ४७.

दुखण्याची गंमत अशी की ते फसवतं. आमच्याकडे पलंगापासून गॅसपर्यंत चौदा पावलं. त्यातली पहिली आठ पायात खोडा घातल्यासारखी पडायची, पण चहाला उकळी येईपर्यंत सगळं सुरळीत. गडावरही पहिली वीस मिनिटं ठणकायचं, मग गप्प. मी खूश, चालून मोकळं होतंय म्हणून. आई रोज रात्री हळदीचा लेप लावत होती आणि "शीर धरलीय, गड सोड" म्हणत होती. शेवटी दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं गेलं. पहिल्याच चढाईला दुप्पट होऊन परत आलं.

मग फिजिओ मॅडमकडे. पालथं झोपवलं, पाय टेबलाबाहेर, आणि पोटरी मुठीत धरून दाबली. पाऊल आपोआप खाली वळलं. "शीर तुटलेली नाही," त्या म्हणाल्या. (मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट् आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर ही वही वाचत बसू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.) मग बोटांच्या चिमटीत शीर वरपासून खाली तपासत आल्या. टाचेच्या हाडाच्या वर साधारण चार बोटांवर मी ओरडलो. तिथे हाताला गाठोडं लागत होतं, डाव्या पायाला नाही.

मी सूज समजून गोळ्या खात होतो, पण अशा जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा झीज जास्त असते. निरोगी शिरेतले कोलॅजनचे धागे नव्या सुतळीसारखे एका दिशेने पक्के वळलेले असतात. पेलवेना एवढा भार अचानक पडत राहिला की ते विस्कटतात आणि दुरुस्तीत कच्च्या प्रतीचे धागे भरले जातात. शिरेला रक्तपुरवठा मुळात बेताचा, त्यामुळे सगळं संथ. विश्रांतीने ठणका थांबतो, पण शीर मजबूत होत नाही, उलट आणखी कमकुवत होते. माझ्या पहिल्या चढाईला झालं ते हेच.

मॅडमनी साखर, कोलेस्टेरॉल, वजन सगळं विचारलं, कारण या तिन्हींनी शीर लवकर खराब होते. मग एक अनपेक्षित प्रश्न: "मध्यंतरी कुठली अँटिबायोटिक?" जुलैत पोट बिघडलं म्हणून पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतली होती. या गटातल्या औषधांवर शिरेच्या इजेचा ठळक इशारा छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच लावलं आहे. गोळी मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपण गड चढतो हे सांगा. माझ्या केसमधले मुख्य आरोपी मात्र लागोपाठचे दोन गडच, हे माझं मत. एका मित्राने स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. मॅडमनी हात जोडले. ठणका थांबतो, पण शीर तुटण्याची भीती वाढते.

उपचाराची कथा मला फार आवडली. हाकन आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश सर्जनची स्वतःचीच ही शीर दुखत होती. वरिष्ठ ऑपरेशनला तयार होईनात, म्हणून शीर आणखी बिघडावी या हेतूने तो पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम करत सुटला. बिघडायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्याने १५ हौशी खेळाडूंवर १२ आठवड्यांचे निष्कर्ष छापले.

कृती अशी. दोन्ही चवड्यांवर उठायचं, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीखाली सोडायची. वर यायचं ते चांगल्या पायाने. १५ चे ३ सेट गुडघा ताठ ठेवून, ३ वाकवून, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०. दुखणं अगदी टाचेच्या हाडावर असेल, तर पायरीखाली जाऊ नका, सपाट फरशीवरच करा.

आठवडा १: दुसऱ्या दिवशी पोटरीचा दगड. पहिल्या मजल्यावरचे काका, "लिफ्ट बंद आहे का रे?"

आठवडा ३: सोडून द्यावंसं वाटलं. नियम असा की करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलेलं चालतं, पण दुसऱ्या सकाळी मूळ पातळीवर यायला हवं. म्हणून सकाळच्या चौदा पावलांना रोज दुखण्याचे दहापैकी मार्क देऊ लागलो. सरासरी ६.

आठवडा ६: सोपं वाटायला लागलं, म्हणजे वजन वाढवायची वेळ. सॅकमध्ये जुने दिवाळी अंक भरले. रद्दीवाल्याने काट्यावर घालून ५ किलो मोजून दिले आणि "विकायचे नाहीत?" म्हणून संशयाने बघितलं. सकाळ: ४.

आठवडा ९: १० किलो. शेवाळलेल्या फरशीवर घसरलो, पायापेक्षा बूड जास्त दुखलं.

आठवडा १२: सकाळ १ किंवा २. गाठोडं अजून हाताला लागतं. मॅडम म्हणाल्या, जाडी उतरायला वेळ लागतो, आकड्यांकडे बघ.

आठवडा १४, रविवार: जुने बूट घालून आतकरवाडी. अर्ध्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींपर्यंतच जायचं, असं बायकोला वचन दिलं होतं. "लई दिवसांनी, दादा?" मी पाय दाखवला. त्यांनी ताक ओतता ओतता विचारलं, "एवढ्यानं?" त्या रोज डोक्यावर हंडा घेऊन तेवढंच चढतात, वर्षानुवर्षं, ना कमी ना जास्त. मला दोन ग्लास लागले.

उतरताना काहीच नाही. सोमवारी सकाळी अलार्मच्या आधीच जाग आली, पाय खाली टेकवायला धीर होईना. चौदा पावलं: २. पुढच्या रविवारी पुन्हा मावशींपर्यंतच.