नाही म्हणण्याची मोकळीक

रविवार, रात्री

उपासनेनंतर पंचकमिटीची बैठक झाली आणि येत्या वर्षी आमच्या मंडळीने (चर्चने) सुवार्ताकार्य, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश बाहेरच्यांपर्यंत नेण्याचे काम, कोणत्या पद्धतीने करावे, याविषयी माझे लेखी मत मागवण्यात आले. समोर दोन प्रस्ताव आहेत. एक असा की, इच्छुकांना ठरावीक प्रश्न आणि बायबलमधील वचने तोंडपाठ करवून घरोघर पाठवावे. दुसरा असा की, आठवड्यातून एका संध्याकाळी बाहेरच्या लोकांना जेवायला बोलवावे, जेवणानंतर विश्वासाच्या एखाद्या विषयावर लहानसे व्याख्यान ठेवावे आणि मग छोट्या गटांत मोकळी चर्चा होऊ द्यावी. दोन्ही बाजूंचे लोक तळमळीने बोलले, परंतु बोलणे फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येत होते: कोणत्या मार्गाने माणसे अधिक येतील? त्या मुद्द्याने मी अस्वस्थ झाले. मत देण्यापूर्वी ते येथे लिहून तपासावे, असे ठरवले आहे.

पहिल्या पद्धतीचे मूळ मला ठाऊक आहे. अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथील पाळक डी. जेम्स केनेडी यांनी 1962 मध्ये ती आपल्या मंडळीत सुरू केली. तिच्या केंद्रस्थानी दोन प्रश्न आहेत. आज रात्री तुम्हाला मृत्यू आला तर आपण स्वर्गात जाऊ, अशी तुमची खात्री आहे काय? आणि देवाने तुम्हाला विचारले की, मी तुला आत का घ्यावे, तर तुम्ही काय उत्तर द्याल? या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. ज्या सामान्य विश्वासणाऱ्याच्या तोंडून शेजाऱ्यासमोर शब्द फुटत नसे, त्याला तिने शब्द दिले. शिवाय नवख्याला वर्गात बसवून न शिकवता अनुभवी माणसाबरोबर प्रत्यक्ष भेटीला नेण्याची तिची शिस्त आजही शहाणपणाची वाटते. माझी अडचण दुसऱ्या प्रश्नाशी आहे. त्याचे अचूक उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आधीच असते आणि समोरच्याच्या ते लगेच ध्यानात येते. आपली परीक्षा घेतली जात आहे, हे कळलेला माणूस एक तर गप्प बसतो किंवा परीक्षकाला हवे ते सांगून मोकळा होतो.

दुसऱ्या प्रस्तावाचा नमुना लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन मंडळीतला आहे. तेथे 1977 मध्ये सुरू झालेला अल्फा अभ्यासक्रम आरंभी नव्या विश्वासणाऱ्यांसाठी होता. 1990 मध्ये निकी गंबेल यांनी सूत्रे हाती घेतल्यावर तो चर्चबाहेरच्यांकडे वळवण्यात आला. गटात कोणी कितीही विपरीत मत मांडले तरी गटप्रमुखाने त्याला खोडून काढू नये, असा तेथील दंडक आहे. हा दंडक मला फार आवडतो. तो पाळणे किती कठीण आहे, हे आमच्या कमिटीच्या बैठकीतच दिसून आले. तेथे कोणाचेही वाक्य पुरे होऊ दिले गेले नाही.

मंगळवार

आज बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांची हकीकत, पुन्हा वाचायला घेतली. पद्धत निवडायची तर आरंभीच्यांनी काय केले, हे तरी आधी पाहावे, असा साधा विचार होता. परंतु तेथे एक पद्धत सापडतच नाही. पिसिदियातील अंत्युखियाच्या यहुदी सभास्थानात प्रेषित पौल इस्राएलाच्या इतिहासापासून आरंभ करतो, कारण ऐकणाऱ्यांना तो इतिहास मुखोद्गत आहे. लुस्त्रात, जिथे लोक त्याला आणि त्याच्या सोबत्याला देव समजून बळी द्यायला निघालेले असतात, तिथे तो शास्त्रातील एकही वचन उद्धृत करत नाही. पाऊस, पिकांचे हंगाम आणि पोटभर अन्न यांवरून बोलतो. अथेनैत (अथेन्समध्ये) तो अज्ञात देवाच्या वेदीपासून सुरुवात करून ग्रीक कवीची ओळ आधाराला घेतो. तीन ठिकाणी तीन वेगळी दारे, आणि प्रत्येक दार ऐकणाऱ्याच्या घराचे आहे, बोलणाऱ्याच्या नव्हे.

अथेनैच्या प्रसंगाचा शेवट मी आजवर घाईने वाचत आले होते. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची गोष्ट निघताच काहींनी टवाळी केली, काही म्हणाले की, याविषयी तुझे पुन्हा ऐकू, आणि काहींनी विश्वास ठेवला. त्यांत अरियपग या नगरसभेचा सदस्य दिओनुस्य आणि दामारी नावाची एक स्त्री होती. या पुस्तकाचा लेखक लूक तिन्ही प्रतिसाद एकापाठोपाठ नोंदवतो आणि पुढे जातो. टवाळी करणाऱ्यांना पौलाने थांबवले नाही, पुन्हा ऐकू म्हणणाऱ्यांकडून पुढच्या भेटीचे वचन घेतले नाही. आमच्याकडील अहवालात पहिले दोन गट आलेच नसते.

आठव्या अध्यायातील सुवार्तिक फिलिप्प तर आणखी वेगळा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो आहे. फिलिप्प धावत जातो आणि एवढेच विचारतो की, वाचता ते समजते का. रथात चढून बसण्याचे निमंत्रण खजिनदार देतो आणि त्या उताऱ्यात वर्णिलेली व्यक्ती कोण, हा प्रश्नही तोच विचारतो. इथे विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर होतेच, हे मी नाकारत नाही. फरक इतकाच की, प्रश्न ऐकणाऱ्याच्या हातातल्या पानाविषयी होता आणि रथ ऐकणाऱ्याचा होता.

बुधवार, दुपार

पद्धतीवर इतका विश्वास आपण कोठून घेतला? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन उपदेशक चार्ल्स फिनी यांचे नाव येथे टाळता येत नाही. 1830–31 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झालेल्या त्यांच्या सभांत पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी पुढे वेगळे बाक ठेवले जात आणि सर्वांच्या देखत तेथे येऊन बसण्याचे आवाहन केले जाई. संजीवन, म्हणजे लोकांत विश्वासाची नव्याने होणारी जागृती, हा चमत्कार नव्हे, योग्य साधनांच्या योग्य वापराचे ते फळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे हेतू शुद्ध होते आणि गुलामगिरीविरुद्धची त्यांची भूमिका आदरास पात्र आहे. तरीही साधन बरोबर असेल तर फळ येणारच, असे एकदा मानले की, न आलेल्या फळाचा दोष साधनाकडे जातो, मग साधन अधिक धारदार केले जाते आणि शेवटी फळे मोजली जातात.

मोजणीचे काय होते, याचे विदारक उदाहरण कार्ल गुट्झलाफ यांचे आहे. या जर्मन मिशनऱ्याने 1844 मध्ये हाँगकाँगमध्ये चिनी प्रचारकांचा संघ उभारला. चीनच्या अंतर्भागात चिनी माणसांनीच सुवार्ता न्यावी, ही त्यांची कल्पना काळाच्या पुढे होती. त्यांचे प्रचारक नव्या कराराच्या प्रती घेऊन निघत आणि दूरदूरच्या प्रांतांतील प्रवासाची वर्णने व बाप्तिस्म्यांचे आकडे घेऊन परतत. 1849–50 मध्ये गुट्झलाफ निधीसाठी युरोपात फिरत असताना चौकशी झाली आणि असे उघड झाले की, त्यांतील अनेक जण हाँगकाँगच्या परिसराबाहेर गेलेच नव्हते. मिळालेल्या प्रती ते छापखानदाराला विकत आणि तो त्याच प्रती पुन्हा गुट्झलाफ यांना विकत असे. 1851 मध्ये गुट्झलाफ वारले. त्या प्रचारकांना लबाड ठरवून ही गोष्ट संपवता येते, पण माझे मन तेथे थांबत नाही. आकडे ऐकायला आतुर असलेला मालक मिळाला की, आकडे पुरवणारे नोकर मिळतात.

1974 मध्ये लोझान येथे जगभरातील सुवार्तावादी पुढाऱ्यांची परिषद भरली, तेव्हा तिच्या करारनाम्यात याची कबुली दिली गेली: प्रतिसाद मिळावा म्हणून आपण दडपणाच्या युक्त्यांनी श्रोत्यांना वळवले, संख्येत गरजेपेक्षा अधिक गुंतलो आणि तिच्या वापरात अप्रामाणिकही झालो. ज्यांचे सर्व आयुष्य याच कार्यात गेले त्यांनी हे स्वतःविषयी लिहावे, याचे मला मोल वाटते.

शुक्रवार, रात्री

आज जुन्या मैत्रिणीशी बोलणे झाले. ती कोणत्याच धर्माची नाही. कमिटीपुढील प्रश्न तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मी तुमच्यात यावे असे तुला वाटते, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी कधीच आले नाही, तर तू मला भेटायला येशील की नाही, एवढेच मला माहीत करून घ्यायचे आहे." मी येईन म्हणाले, आणि ते खरे आहे. तरीपण तिला हे विचारावेसे वाटले, ही गोष्ट दिवसभर मनातून गेली नाही.

मैत्रीतून आपल्या विश्वासाची साक्ष देणे ही सर्वांत सभ्य पद्धत मानली जाते आणि चौकात उभे राहून उपदेश करणारा सर्वांत असभ्य. आज मला हा क्रम उलटा वाटतो आहे. चौकातल्या उपदेशकाचा आवाज कर्कश असेल, त्याचा ध्वनिक्षेपक उपद्रवी असेल, पण त्याला काय हवे आहे हे पहिल्या वाक्यात उघड होते आणि ज्याला ऐकायचे नाही तो काहीही न गमावता पुढे जातो. मैत्रिणीला तसे जाता येत नाही. मैत्री जर धर्मांतराच्या हेतूने जोडलेली असेल, तर तिचा नकार म्हणजे एका नात्याचा शेवट, आणि ही किंमत तिला आधी सांगितलेली नसते. त्याहूनही अडकलेला असतो तो रुग्णखाटेवरचा माणूस, किंवा ज्याच्या मुलांची फी आपण भरतो तो. उपचार करणाऱ्याने प्रार्थनेचे विचारले, तर त्याला नाही म्हणण्याचे बळ कोठून यावे?

2011 मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्षीच्या आचाराविषयी एक निवेदन काढले. ज्या तीन संस्थांचे अनेक बाबतींत एकमत होत नाही, त्या येथे एकत्र आल्या, हेच विशेष. दारिद्र्याचा आणि गरजेचा फायदा घेऊन, पैशाचे किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून माणसे आणणे त्यात निषिद्ध ठरवले आहे. आजारी माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेतला जाऊ नये असे बजावले आहे. आणि धर्म बदलणे हे निर्णायक पाऊल असल्याने विचाराला व तयारीला पुरेसा अवधी मिळाला पाहिजे, असे म्हटले आहे. मला हा अवधीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सभेतल्या आवाहनाचा सारा जोर आताच, याच क्षणी, यावर असतो.

मग बोलूच नये काय? आमच्यातील काही जण असेच म्हणतात आणि मध्ययुगीन संत असिसीच्या फ्रान्सिसच्या नावावर खपणारे वाक्य पुढे करतात की, सुवार्ता सदैव गाजवा, गरज पडली तरच शब्द वापरा. हे वाक्य फ्रान्सिसच्या लेखनात किंवा त्याच्या आरंभीच्या चरित्रांत आढळत नाही. त्याने खरोखर काय लिहिले, ते अधिक अवघड आहे. धर्मयुद्ध चालू असताना 1219 मध्ये तो इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटून आला आणि आपल्या बंधुसंघाच्या 1221 च्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग सांगितले: एक, वाद न घालता, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहून आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे, दुसरा, देवाला ते आवडते असे दिसेल तेव्हा वचन जाहीर करावे. पहिल्या मार्गातही आपण कोण हे लपवायचे नाही, आणि दुसऱ्या मार्गात वेळ आपण ठरवायची नाही. गप्प राहणाऱ्यांची सोय यात होत नाही.

फ्रेंच धर्मगुरू शार्ल द फुको सहारातील तामानरासेत येथे 1905 मध्ये जाऊन राहिले आणि 1 डिसेंबर 1916 रोजी तेथेच मारले गेले. तुआरेग लोकांची भाषा शिकून त्यांनी तिचा मोठा शब्दकोश तयार केला, त्यांच्या कविता गोळा केल्या. कोणत्याही अहवालाच्या दृष्टीने त्यांचे काम निष्फळ होते. 2022 मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. तुआरेगांनी ख्रिस्ती व्हावे, ही त्यांची इच्छा त्यांनी कधी झाकली नाही, आणि ती पुरी झाली नाही म्हणून ते उठूनही गेले नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मला देता आले नसते.

शनिवार, सकाळ

मार्काच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला तो धनवान मनुष्य. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि जे सांगायचे ते पूर्ण सांगितले: असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे गेला नाही, अट सैल केली नाही, शिष्यांपैकी कोणाला त्याच्या घरी पाठवले नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य सोडून गेल्यावर तो उरलेल्या बारा जणांनाही विचारतो की, तुमचीही जायची इच्छा आहे काय. ज्याच्यापाशी बोलावण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्याने जाण्याचा मार्ग शेवटपर्यंत मोकळा ठेवला.

कमिटीला द्यायचे टिपण आज लिहून काढले. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहे, पण तो अधिक माणसे आणील म्हणून नव्हे; त्याविषयी मी काहीच लिहिलेले नाही. संध्याकाळच्या निमंत्रणात पहिल्याच ओळीत सांगावे की, येथे ख्रिस्ती विश्वासाविषयी बोलले जाईल आणि मध्येच सोडून जाण्यास कोणाची हरकत नसेल. जे येणे थांबवतील त्यांना पुन्हा बोलावणे धाडू नये, मात्र ओळखीचे असतील तर पूर्वीसारखे भेटत राहावे. मंडळीकडून ज्यांना मदत मिळते त्यांना ही निमंत्रणे मदत देणाऱ्याच्या हातून कधीच जाऊ नयेत. जायचीच तर ज्याच्यावर त्यांचे काही अवलंबून नाही, अशा माणसाने द्यावीत. रुग्णभेटीत रुग्णाने स्वतःहून म्हटल्याखेरीज प्रार्थना करू नये. वार्षिक अहवालात किती जणांनी निर्णय घेतला, हा रकाना ठेवू नये.

शेवटच्या मुद्द्यावर खजिनदार कडाडून विरोध करणार, हे मला दिसते आहे, कारण आकड्यांशिवाय वर्गणीदारांना काय दाखवायचे, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी मी एक वेगळा रकाना सुचवला आहे: लोकांनी गटात विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, उत्तरांशिवाय. टिपण उद्या सचिवांच्या हाती देईन.