पॉली पार्करच्या लेकींचा मुलूख

फ्लोरिडाला येणारी आपली मंडळी बहुतेक ऑर्लँडो आणि मायामी करून परततात. मला ओढ होती ती त्यापलीकडच्या पाणथळ रानाची, एव्हरग्लेड्सची, आणि त्या रानात पाय रोवून राहिलेल्या सेमिनोल या मूळ रहिवासी लोकांची. बहीण फोर्ट लॉडरडेलला राहते, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. जानेवारीतल्या एका सकाळी भाच्याने गाडी काढली आणि आम्ही पश्चिमेची वाट धरली.

या महामार्गाला इथे सगळे ‘ॲलिगेटर ॲली’ म्हणतात. शहर मागे पडलं की दोन्ही अंगांना करवतीसारख्या धारेचं गवत सुरू होतं ते नजर पोचेल तिथपर्यंत. कडेच्या कालव्यात मगरी उन्हं खात पडलेल्या असतात. ४९ क्रमांकाच्या फाट्याला उजवीकडे वळलं की स्नेक रोड लागतो. नाव शोभेल अशी वळणं घेत हा रस्ता सुमारे २७ किलोमीटर उत्तरेला बिग सायप्रस रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे सेमिनोलांच्या राखीव मुलखात, नेतो. वाटेत कुरणं दिसतात, त्यात चरणारी गुरं दिसतात. वस्ती लागली की शाळा, रोडिओचं मैदान, साधी पक्की घरं. आणि त्यातल्या कितीतरी घरांच्या अंगणात एक चिकी.

चिकी म्हणजे सायप्रसच्या सोललेल्या खांबांवर पाल्मेटो ताडाच्या पानांनी शाकारलेलं छप्पर. कूड नाही, दार नाही. पूर्वी आत जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचा माच असे. त्यावर बसणं, झोपणं, काम करणं सगळं चाले, आणि खालून पाणी वाहून गेलं तरी बिऱ्हाड कोरडं राही. एकोणिसाव्या शतकात सैन्य मागावर असताना हे घर कामी आलं, कारण ते रानातल्याच सामानातून पटकन उभं करता येई. आजही फ्लोरिडाच्या बांधकाम नियमांतून चिकीला सूट आहे. अट अशी की ती सेमिनोल किंवा त्यांच्याच भावकीतल्या मिकोसुकी जमातीच्या माणसानेच बांधलेली हवी आणि तिच्यात वीज वा नळजोडणी नको. मला हा नियम फार आवडला. ज्या सरकारने या लोकांना इथून हुसकण्यासाठी तीन युद्धं केली, त्याच देशातल्या एका राज्याच्या कायद्यात त्यांच्या हातच्या घराला आज अशी वेगळी जागा आहे.

त्या युद्धांची गोष्ट सांगायलाच हवी. सेमिनोल हे मुळात अनेक गटांतून घडलेले लोक. अठराव्या शतकात जॉर्जिया आणि अलाबामाकडून क्रीक या मूळ रहिवासी लोकांचे समूह फ्लोरिडात उतरत गेले. तिथले जुने रहिवासी तोवर रोगराईने आणि गुलाम पकडणाऱ्यांच्या धाडींनी जवळजवळ संपले होते. उरलेसुरले यांच्यात मिसळले. दक्षिणेतल्या मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलामही आसऱ्याला आले आणि त्यांची गावं सेमिनोलांच्या शेजारी वसली. ही माणसं सुखवस्तू होती, त्यांच्याकडे शेती होती आणि गुरांचे मोठे कळप होते. अलाचुआच्या माळावरचा त्यांचा प्रमुख अहाया याला इंग्रज ‘काउकीपर’ म्हणूनच ओळखत. १७७४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्राम त्याच्या गावी जाऊन आला होता.

पळालेल्या गुलामांना मिळणारा हा आसरा मळेवाल्यांच्या डोळ्यांत खुपत होता, आणि जमीनही हवीच होती. १८१७-१८ मध्ये, पहिल्या युद्धात, अमेरिकी जनरल अँड्र्यू जॅक्सन सैन्य घेऊन घुसला तेव्हा फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होता. १८२१ मध्ये तो अमेरिकेकडे आला. पुढे हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. सेमिनोल हलले नाहीत. २८ डिसेंबर १८३५ रोजी त्यांनी अमेरिकी सैन्यातल्या मेजर डेडच्या शंभराहून अधिक सैनिकांच्या तुकडीला गाठलं. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. मग सात वर्षं हे दुसरं युद्ध चाललं. अमेरिकेचे सुमारे १५०० सैनिक गेले, त्यातले बरेचसे गोळीने नव्हे तर तापाने आणि हगवणीने.

ओसिओलाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तो वंशपरंपरेने प्रमुख नव्हता, पण माणसं त्याच्या शब्दावर उठत. ऑक्टोबर १८३७ मध्ये तो पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला आणि जनरल जेसपच्या हुकमावरून त्याला धरलं. ३० जानेवारी १८३८ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट मोल्ट्रीत तो कैदेत वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याचं शिर कापून स्वतःकडे ठेवून घेतलं. इतकी वर्षं लोटली तरी हे लिहिताना माझा हात जड होतो.

तीन हजारांहून जास्त लोक पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, धाडले गेले. त्यांचे वंशज तिथे ‘सेमिनोल नेशन’ म्हणून नांदतात. तिसरं युद्ध १८५८ मध्ये थांबलं तेव्हा फ्लोरिडात उरले होते अवघे दोन-तीनशे जण. अबियाका नावाचा वृद्ध वैदू आणि पुढारी, ज्याला गोरे ‘सॅम जोन्स’ म्हणत, शेवटपर्यंत हलला नाही. शरणागतीच्या तहावर या उरलेल्यांनी सही केली नाही, याचा अभिमान त्यांच्या आजच्या पिढीच्या बोलण्यात पदोपदी जाणवतो.

पण मला सगळ्यांहून जवळची वाटली ती पॉली पार्कर. १८५८ मध्ये टॅम्पाच्या खाडीतोंडाशी असलेल्या एग्मंट की या बेटावर पकडलेल्या सेमिनोलांना कोंडून ठेवलं होतं. तिथून त्यांना ‘ग्रे क्लाउड’ या आगबोटीवर चढवलं. तिच्यावर पॉली होती. बोट सेंट मार्क्सला थांबली तेव्हा औषधी पाला गोळा करण्याच्या निमित्ताने ती किनाऱ्यावर उतरली आणि काही सोबत्यांसह निसटली, असं तिचे वंशज सांगतात. मग शेकडो किलोमीटर चालत, लपतछपत ती ओकीचोबी सरोवराकडच्या आपल्या माणसांत परतली. ती दीर्घायुषी झाली आणि पुढे जमातीचे कितीतरी पुढारी तिच्या वंशात निघाले. ओसिओलाचं नाव गावांना, जिल्ह्यांना, रस्त्यांना दिलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. तरी मला ठामपणे वाटतं की आजचे सेमिनोल आहेत ते पॉलीसारख्या बायकांमुळे.

याला कारणही आहे. सेमिनोलांत कूळ आईकडून येतं. पँथर, अस्वल, हरीण, वारा, पक्षी, साप, पाणमांजर आणि बिगटाउन अशी आज आठ कुळं आहेत. आई सेमिनोल नसेल तर बाप कितीही मोठा असो, मुलाला कूळ नाही. कुळातल्या कुळात लग्न होत नाही. पूर्वी लग्नानंतर नवरा बायकोच्या वस्तीवर राहायला येई. एका वस्तीत आजी, तिच्या मुली, जावई आणि नातवंडं. मुलांना शिस्त लावण्याचा अधिकार बापाहून जास्त मामाचा. आणि वस्तीच्या मधोमध स्वयंपाकाची चिकी. तिथली चूल मला फार देखणी वाटली: ओंडके चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले, टोकं मध्यभागी जळत असतात, आणि जाळ हवा तसा ओंडके आत ढकलायचे. तिच्यावर सॉफ्कीचं भांडं दिवसभर असे. सॉफ्की म्हणजे मक्याची पातळ पेज. आता ती तांदळाचीही करतात. आल्यागेल्याने वाढून घ्यायची.

बिग सायप्रसमधलं आह-ताह-थी-की म्युझियम जमातीने स्वतः उभारलेलं आहे, १९९७ पासून. आत जुने पोशाख, होड्या, मण्यांचं काम, रोजच्या जगण्याचे देखावे. बाहेर सायप्रसच्या रानातून दीड किलोमीटरच्या आसपास लाकडी पायवाट जाते. थंडीत सायप्रस निष्पर्ण असतो, त्यामुळे खालच्या काळ्या पाण्यापर्यंत ऊन पोचतं. वाटेत झाडापाशी पाट्या आहेत, कुठलं झाड कशाला वापरत त्याच्या. कूंटी नावाच्या झुडपाचा कंद विषारी. तो कुटून, पुन्हापुन्हा धुऊन त्याचं पीठ करायचं आणि भाकरी भाजायची. युद्धकाळात शेतं जाळली गेली तेव्हा या कंदाने पोटं भरली.

पायवाटेवर एका छपराखाली एक वयस्क बाई शिलाई मशीनवर काम करत होत्या. शेजारी नात, फोनमध्ये डोकं घालून. मी विचारलं, बसू का? त्यांनी हाताने बाक दाखवला. मग बराच वेळ मी फक्त त्यांचे हात बघत होते. लाल, पिवळ्या, काळ्या कापडाच्या पट्ट्या त्या कात्रीने कापत नव्हत्या, फाडत होत्या, म्हणजे धागा सरळ निघतो. तीन पट्ट्या लांबीने जोडून एक लांबलचक फीत झाली. ती आडवी कापून दोन बोटं रुंदीचे तुकडे केले. मग प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा एक घर वर सरकवून पुन्हा शिवला, आणि बघता बघता सरळ पट्ट्यांची पायऱ्या चढणारी नक्षी झाली. कडा छाटल्या, झालं. पाऊस, वीज, आगीचा जाळ अशी या नक्ष्यांची नावं आहेत. आपली गोधडी जुन्या लुगड्यांची, हाताच्या धावदोऱ्याची; हे काम नव्या कोऱ्या कापडाचं आणि पुरतं यंत्रावरचं. तरी तुकड्यातुकड्यांतून घर उभं करणाऱ्या बाईची नजर दोन्हीकडे तीच.

हे यंत्र इथे आलं कसं? युद्धं थांबल्यावर सेमिनोल मगरीचं कातडं, पाणमांजराची केसाळ चामडी आणि बगळ्यांची पिसं घेऊन होडीने व्यापाऱ्यांकडे जात. फोर्ट लॉडरडेलला स्ट्रॅनाहनचं, चोकोलोस्कीला स्मॉलवुडचं दुकान होतं. बदल्यात कापड, मणी, मीठ, बंदुकीची दारू आणि हाताने फिरवायची शिलाई मशीन मिळे. १९१० नंतरच्या दशकात हे पॅचवर्क बहरलं. त्याच सुमाराला राज्याने शेतजमिनीसाठी कालवे खणून एव्हरग्लेड्सचं पाणी उपसायला घेतलं. होड्यांच्या वाटा आटल्या, शिकार घटली. १९२८ मध्ये टॅमियामी ट्रेल हा रस्ता पुरा झाला आणि पर्यटक दारात आले. पुरुष मगरीशी कुस्ती करून दाखवू लागले, बायका बाहुल्या आणि झगे विकू लागल्या. परक्यांसमोर स्वतःचं जगणं मांडून पोट भरायचं, हे सोपं नसणार. पण त्या पैशावर मुलं जगली.

बेटी मे टायगर जंपर याच काळातल्या. १९२३ चा जन्म, आई सेमिनोल, बाप गोरा, म्हणून लहानपणी स्वकीयांतूनच जिवाला धोका. फ्लोरिडात त्यांना शाळेचं दार उघडं नव्हतं, म्हणून त्या उत्तर कॅरोलायनातल्या चेरोकींच्या शाळेत गेल्या आणि १९४५ मध्ये शालान्त परीक्षा पास होऊन परतल्या. मग नर्स झाल्या, वस्त्यावस्त्यांवर जाऊन लसी दिल्या. २१ ऑगस्ट १९५७ रोजी फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने घटना स्वीकारली आणि तिला केंद्राची मान्यता मिळाली. वेगळं राहू इच्छिणाऱ्या मिकोसुकींना १९६२ मध्ये. १९६७ मध्ये बेटी मे जमातीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

पुढची गोष्ट पैशाची आहे, आणि ती मी थोडक्यात उरकते. १९७९ मध्ये जमातीने फ्लोरिडातल्याच हॉलिवुड या आपल्या रिझर्व्हेशनवर मोठ्या रकमांचा बिंगो, म्हणजे आकड्यांचा जुगार, सुरू केला. तिथल्या शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, तो बंद पाडायचं ठरवलं, जमात कोर्टात गेली आणि १९८१ मध्ये अपील कोर्टात जिंकली. देशभरातल्या मूळ रहिवाशांच्या कॅसिनोंची वाट तिथून मोकळी झाली. २००७ मध्ये त्यांनी हार्ड रॉक ही हॉटेलं आणि कॅफे चालवणारी, जगभर पसरलेली कंपनी ९६.५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१९ पासून हॉलिवुडला गिटारच्या आकाराचं त्यांचं हॉटेल उभं आहे, भाच्याच्या घराच्या रस्त्यावरून रात्री त्याचे दिवे दिसतात. जुगाराचा पैसा म्हणून नाक मुरडणारे मला भेटले. मला विचाराल तर ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं, त्यांनी त्या पैशातून शाळा, दवाखाने, म्युझियम उभारलं हे मोलाचं आहे. ब्रायटन रिझर्व्हेशनवरच्या २००७ पासूनच्या त्यांच्या शाळेत मुलं क्रीक भाषा शिकतात. बिग सायप्रसकडे मिकासुकी ही दुसरी भाषा बोलतात. दोन्ही भाषा अस्खलित बोलणारी माणसं आता बहुतेक म्हातारी आहेत, म्हणून घाई आहे.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च बरा. उन्हाळ्यात डास आणि पाऊस दोन्ही झोडपतात. स्नेक रोडवर गाडी हळू हाका. वर्षातून एकदा होणारा ग्रीन कॉर्न हा जमातीचा धार्मिक विधी बाहेरच्यांसाठी नाही. त्याबद्दल खोदून विचारू नका. माणसांचे फोटो विचारूनच काढा. आणि पॅचवर्कचा एखादा तुकडा घ्यायचा झाला तर शिवणाऱ्या बाईशेजारी थोडा वेळ बसून, तो कसा झाला हे बघून, तिने सांगितलेल्या किमतीला घ्या. घासाघीस करू नका.