पीटीच्या तासाला तुम्ही शिकवता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला पालकसभेत विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात, आणि एकदा ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत एका विद्यार्थ्याच्या आजीनेही विचारला. "बाई, तुमचं बरं आहे. शिट्टी वाजवायची, चेंडू द्यायचा, सावलीत उभं राहायचं. शिकवता तरी काय?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, म्हणून जास्त लागतं. त्यांच्या वेळी पीटी म्हणजे सावधान-विश्राम, उन्हातली कवायत, नखं तपासणं आणि छडी. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटावं तरी कसं?

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत पाचवी ते आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. २२ वर्षं झाली. तुकड्या १२, पीटीची बाई मी एकटी. वर्गात ५०-५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. मैदान २२ मीटर बाय १५. त्यातही एका कडेला शिक्षकांच्या स्कूटर आणि कोपऱ्यात कुठल्याशा बांधकामासाठी आणून विसरलेली खडी. खो-खोला २७ बाय १६ मीटरचं मैदान लागतं. आमच्याकडे ते तिरकंही बसत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलंय. केवढं हवं ते लिहिलेलं नाही. तेव्हा तक्रार कुठे करणार?

पहिली ११ वर्षं मी काय शिकवलं ते आधी कबूल करते. रांगेत उभं राहायला शिकवलं.

हे मला कळलं ते पाय मुरगळल्यामुळे. ऑगस्ट महिना, शाळेचा ओला जिना, घोटा सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले पाय टेकू नका, पण रजा शिल्लक नव्हती. पायरीवर बसून सहावी 'ब'चा तास घेतला. रिले लावली होती. चार रांगा, एकेका रांगेत १३ मुलं, समोरच्या टोकाला ठेवलेल्या विटेला हात लावून परत यायचं. हातात स्टॉपवॉच होतं आणि मला काही काम नव्हतं, म्हणून तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर ते लावलं. ती पळाली की चालू, थांबली की बंद. दोन वेण्या, लाल रिबिनी, एका बुटाची नाडी कायम सुटलेली. तास सुटला तेव्हा घड्याळात ३३ सेकंद होते.

३५ मिनिटांत ३३ सेकंद. बाकीच्या वेळात तिने रिबीन चावली, पुढच्या मुलीच्या पाठीवर बोटाने नाव लिहिलं, नंबर आला की मागचीला पुढे ढकललं आणि मग नाइलाज झाल्यावर पळाली. मुलं गप्प, रांगा सरळ. मुख्याध्यापक तिथून जाताना म्हणाले, "छान चाललंय."

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्याकडे ३३ सेकंद, तेही आठवड्यातून दोनदा. आणि शाळेबाहेर तरी कुठे पळणार? घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये खाली बाग असते आणि बागेत 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी असते. कोपरीच्या, कळव्याच्या चाळींत पाटी लावायचीसुद्धा गरज नाही. गावदेवी मैदानाच्या पोटात आता गाड्या उभ्या असतात. वर मैदान आहे अजून, पण तिथे सहावीतल्या मुलीला एकटीला पाठवणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

त्या दिवसापासून मी तासाला एकच गोष्ट बघते: उभं कोण आहे.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी आणि शिपाईकाका फक्कीने, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीने, मैदानाचे सहा तुकडे करतो. एकात साखळी, एकात विषामृत, एकात लगोरी, एकात लंगडी, एकात दोरीवरच्या उड्या, एकात चार-चारची कबड्डी. आठ-नऊ जण एका तुकड्यात. सहा मिनिटांनी शिट्टी झाली की पुढच्या तुकड्यात. एका तासाला चार तुकडे होतात, राहिलेले दोन पुढच्या वेळी. लांबून बघाल तर मासळीबाजार वाटेल. मुख्याध्यापक पहिल्यांदा बघून म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "पीटी." ते काही बोलले नाहीत, पण नंतरचे दोन आठवडे कोणी ना कोणी गॅलरीतून बघत असायचं.

लहानपणी गल्लीत धाकट्या भावाला आपण लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचो. त्याने हवं तेवढं पळावं, त्याच्यावर राज्य नाही, तो बाद नाही. वर्गात याच्या बरोबर उलटं चालतं. इथला लिंबूटिंबू पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि डाव संपेपर्यंत भिंतीला टेकून बसतो. डॉजबॉल घ्या, लंगडी घ्या, जो चांगला पळतो तो शेवटपर्यंत आत आणि ज्याला पळायची सवय लागायला हवी तो बाहेर. यावरचा उपाय मला कुठल्या प्रशिक्षणात सापडला नाही, कबड्डीच्या नियमांत सापडला. समोरचा एक गडी बाद केला की आपला एक बाद झालेला गडी परत आत येतो. बोनसच्या गुणावर येत नाही, पण बाकी येतो. आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने येतात, म्हणजे जो पहिला गेला तो पहिला परत. इतकी वर्षं हा नियम मी फळ्यावर लिहून देत होते. तो बाकीच्या खेळांना लावावा हे डोक्यात यायला घोटा मुरगळावा लागला. आता माझ्याकडे लंगडीतही गडी जिवंत होतात. लंगडीवाले जाणकार रागावतील, रागावू देत.

खो-खो माझा स्वतःचा खेळ, त्यामुळे तिथे जरा जास्त बोलते. आठ जण बसलेले, एक पाठलागावर. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय उलट फिरता येत नाही. तेव्हा कितीही वाऱ्यासारखा पळणारा असला तरी समोरचा गडी रेषेच्या पलीकडे गेला की त्याची अक्कल एकाच गोष्टीत: पलीकडे तोंड करून बसलेल्याला वेळेवर खो देणं. मुलं काय करतात, तर मित्रालाच खो देतात. अंगाने भारी असलेल्या मुलाच्या पाठीमागून चौघे धावत जातील, पण त्याला खो देणार नाहीत. असा एक मुलगा माझ्याकडे होता. त्याला मी दोन महिने पळायला शिकवलंच नाही, उठायला शिकवलं. एक टाच उचललेली, दोन्ही हात पुढे जमिनीला, नजर पळणाऱ्याच्या पायांवर, आणि पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आला की आधी गुडघा नाही, आधी छाती पुढे. रोज शाळा सुटल्यावर ३० वेळा. त्याला मधल्या पाटीत, म्हणजे मैदानातल्या मधल्या आडव्या पट्टीत बसवलं, कारण खांबाजवळ सूर मारणारे लागतात आणि मध्ये पटकन उठणारे. दिवाळीनंतर पोरं आपण होऊन त्याला खो द्यायला लागली. दया म्हणून नव्हे. तो उठायचाच तसा.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सामने रविवारी संपले आणि सोमवारी सकाळी सातवीच्या मुली माझ्या आधी मैदानात. फक्कीचा डबा घेऊन त्यांनी स्वतःच पाट्या आखल्या होत्या, वाकड्या, एक तर थेट स्कूटरच्या चाकाखालून. सगळ्यांना सूर मारायचा होता. टीव्हीवर मॅट होती, आमच्याकडे खडी. त्या आठवड्यात आयोडीनच्या दोन बाटल्या संपल्या.

आता सातवीच्या मुलींचा विषय निघालाच आहे, तर ज्याची मला अजून लाज वाटते ते सांगून टाकते. आमचा पीटीचा गणवेश पांढरा होता. आणि सातवी सुरू झाली की पायरीवर बसणाऱ्या मुली वाढायच्या. "बाई, पोट दुखतंय." मी बस म्हणायचे आणि मनात म्हणायचे, कामचुकार. मी स्वतः बाई, मीही त्याच वयात पांढऱ्या स्कर्टमध्ये खेळलेली, तरी. एका गुरुवारी नऊ जणी पायरीवर. तास सुटला, आठ जणी उठून गेल्या, एक उठेना. सगळा वर्ग जिना चढून जाईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमचं जॅकेट द्याल? कमरेला बांधायला."

नऊच्या नऊ जणींची पोटं काही दुखत नव्हती. काहींची दुखत असतील, बाकीच्या पांढऱ्याला घाबरत होत्या. मी गडद निळ्या ट्रॅकपँटसाठी अर्ज केला. पांढरा रंग शिस्तीचा आहे, इतक्या वर्षांची परंपरा आहे, पालकांना खर्च पडेल, अशी उत्तरं दोन वर्षं मिळाली. शेवटी पालकसभेत चार आया उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना जे बोलायचं होतं ते माइकवर बोलल्या. शाळेच्या समितीतले पुरुष खाली बघत बसले. पुढच्या जूनपासून निळी पँट आली. पायरीवर अजूनही कोणी ना कोणी असतं. तिला मी कारण विचारत नाही. स्टॉपवॉच देते, गुण लिहायला बसवते, जरा बरं वाटलं तर दोरीच्या तुकड्यात ये म्हणते.

मुलांचं वेगळंच. सहावीत मुली उंच आणि मुलगे त्यांच्या खांद्याला, आठवीत ते एकदम ताडमाड. सुट्टीत हातपाय लांबतात आणि डोक्याला त्याचा पत्ता नसतो. मे महिन्याआधी सहज उडी मारणारा पोरगा जूनमध्ये स्वतःच्याच पायात अडकतो. काहींच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो, तिथे दुखतं, कधी सूजही दिसते. हाड वाढत असताना मांडीच्या स्नायूचा ताण तिथे येतो. उड्या कमी करायच्या, बर्फ लावायचा, नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवायचं. हे मी पालकांना सांगते, आणि त्यातले निम्मे म्हणतात, "म्हणजे पीटी बंद करू ना?" नका करू. तेवढ्या उड्या बंद करा.

पावसाचे चार महिने आम्ही बहुतेक वर्गात आणि पॅसेजमध्ये असतो. बाकं भिंतीला लावायची आणि जेवढी जागा होईल तेवढ्यात. त्यावर फार सांगण्यासारखं नाही, खालच्या वर्गाचे सर छताकडे बघत वर येतात एवढंच. शारीरिक चाचण्यांत ६०० मीटर धावणं असतं. ते आमच्या मैदानाला आठ फेऱ्या आणि वर थोडं. प्रत्येक फेरीला खडीला वळसा. आमच्या मुलांची वेळ कधीच चांगली येत नाही, पण वळणावर त्यांना कोणी गाठू शकणार नाही.

फेब्रुवारीत गणिताचे सर येतात. "बाई, आजचा तुमचा तास द्या ना, पोर्शन राहिलाय." आधी द्यायचे. आता म्हणते, देते सर, फक्त खाली येऊन मुलांना तुम्ही सांगा. ते एकदाच खाली आले. ५२ तोंडं एकदम त्यांच्याकडे वळली आणि सर म्हणाले, "काही नाही, सहज बघायला आलो होतो."

सगळे आत येतात असं मात्र समजू नका. सातवी 'क'मधला एक मुलगा या वर्षी अजून आत आलेला नाही. सहा तुकडे झाले, जिवंत होण्याचे नियम झाले, जोडीदार देऊन झाला, त्याच्या वडिलांशी दोनदा बोलून झालं. तो मैदानाच्या कडेला, खडीच्या ढिगावर उभा राहतो. ओरडून काही उपयोग नाही हे मला कळलंय, न ओरडून काय करायचं ते अजून कळलेलं नाही. गेल्या गुरुवारी मुलींचा खो-खो रंगात आला होता, मी दुसऱ्या खांबापाशी होते. मागून आवाज आला, "बाई, तिने मध्यरेषा ओलांडली." वळून बघितलं तर तो. खडीवरून खाली उतरलेला, बोट रेषेकडे.

फक्कीवर बुटाचा ठसा होता. मी शिट्टी मारली.