रजेच्या फॉर्ममध्ये 'थकवा' नाही

दहा दिवसांची रजा मिळवायला मला सोळा दिवस लागले. रजा संपून अडीच महिने झाले, झोपही आता बरी लागते, पण त्या रजेच्या पोर्टलचं नाव काढलं की अजून डोकं तापतं.

मी पणजीत एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, एकोणीस वर्षं. फोंड्याहून रोज ये-जा. आमच्याकडे महिना वारांनी मोजत नाहीत, तारखांनी मोजतात. ७ ला टीडीएस (पगारातून, बिलांतून कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी (हेही जीएसटीचंच विवरणपत्र), मध्ये कुठेतरी पगार. मार्चमध्ये या सगळ्याच्या डोक्यावर वर्षअखेर येऊन बसते. शिगम्याचे ढोल मी कित्येक वर्षं ऑफिसच्या खिडकीतूनच ऐकलेत.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आमचा हिशेब आणि बँकेचं स्टेटमेंट, जुळेना. फरक ५,४०० रुपयांचा. रात्री आठ वाजले तरी मी एकेक व्हाउचर उलटतेय. शेजारची ज्युनियर घरी निघता निघता स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मॅडम, नऊने भाग जातोय ना?" फरकाला नऊने भाग गेला तर आधी आकडे उलटे पडलेत का ते बघायचं, हे तिला मीच शिकवलेलं. ८,२०० चा चेक २,८०० असा पडला होता. दोन मिनिटांत सापडला. मग मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. कंपनीच्या पाच हजार चारशेंसाठी!

त्या आधीही खुणा होत्याच. पहाटे तीनला जाग, घरच्यांवर उगाच ओरडणं, व्हेंडरचा फोन आला की छातीत धस्स. बांबोळीला मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. तिथे काही अडलं नाही, म्हणून लिहिण्यासारखंही काही नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि दहा दिवस कामापासून लांब राहा म्हणाले.

आता फॉर्म. आमच्या पोर्टलवर आजारपणाच्या रजेचं कारण यादीतून निवडावं लागतं. ताप, शस्त्रक्रिया, अपघात, प्रसूती, इतर. मी 'इतर' टाकलं. तिसऱ्या दिवशी परत: "नेमका आजार नमूद करावा." डॉक्टरांना विचारलं, 'बर्नआउट', म्हणजे कामाचा हा थकवा, लिहून द्याल का? ते हसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०१९ साली मंजूर झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआउट आहे. पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित बाब म्हणून. म्हणजे कामामुळे होतं हे जगाने मान्य केलं आणि कामावरून रजा घ्यायला ते चालत नाही. शेवटी त्यांनी 'निद्रानाश, दहा दिवस विश्रांतीचा सल्ला' असं लिहिलं. खरंच होतं ते.

पुन्हा अपलोड. पुन्हा परत, फाइल मोठी आहे म्हणून. छोटी केली तर सही वाचता येत नाही म्हणून परत. सर्टिफिकेटवर 'पासून-पर्यंत' तारखा नाहीत, परत. (तुम्ही घ्यायला जाल तेव्हा तारखा, शिक्का आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर तिथेच बघून घ्या. मी त्यासाठी बांबोळीला दुसरी खेप घातली.) मग हेड ऑफिसच्या एचआरमधून एका मुलाचा फोन. मी स्पीकरवर घेतला, ही माझी चूक. "मॅडम, हे मेंटल वगैरे आहे का?" सगळं सेक्शन की-बोर्डवर हात ठेवून गप्प. मी म्हटलं, "झोप येत नाही असं लिहिलंय ना, तेवढंच आहे." पुढे डॉक्टरांकडून कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबद्दलच्या गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये लिहिलेला आहे. त्या दिवशी ठाऊक असतं तर आवाज जरा चढवला असता.

तरी खरी मेख शेवटच्या पानावर होती. 'रजेच्या काळात देय असलेली सर्व कामे पूर्ण केली आहेत' यापुढे बरोबरची खूण करायची. मार्चचा टीडीएस भरायची शेवटची तारीख ७ नाही, ३० एप्रिल, ती माझ्या रजेतच येत होती. काम आधीच संपवता आलं असतं तर रजा कशाला लागली असती, बाबा? खूण न करता पुढे जाता येईना. तीन संध्याकाळी बसून मी चलनं तयार केली, हँडओव्हरची नोट लिहिली, ज्युनियरला सगळं समजावलं. म्हणजे थकव्यावरच्या रजेसाठी ओव्हरटाइम केला. आणि खूण करून पाठवल्यावर कळलं की मंजुरी देणारे साहेब स्वतः रजेवर आहेत. सहकुटुंब. कुठे, तर आमच्याच गोव्यात, कळंगुटला! अर्ज त्यांच्या इनबॉक्समध्ये पाच दिवस पडून राहिला.

सोळाव्या दिवशी 'अप्रूव्ड' आलं तेव्हा मी बसमध्ये होते, म्हार्दोळ गेलं होतं. आनंद वगैरे काही झाला नाही. खिडकीला डोकं टेकलं ते फोंड्याच्या स्टँडवर कंडक्टरने उठवलं.

रजेत काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. पहिले चार दिवस नुसती झोपले. सासूबाई म्हणायच्या, "उठवू नका गो तिला."

परतल्यावर दोन गोष्टी बदलल्या. रिकन्सिलिएशन महिनाअखेरीवर न ठेवता दर शुक्रवारी करते. चूक चार दिवसांची असताना सापडते, तीस दिवसांची होऊन नाही. आणि टीडीएसच्या लॉगिनपासून सगळं ज्युनियरला येतं. चौथ्या तिमाहीचं २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र) तिनेच ३१ मेच्या आत भरलं, माझी एक नजर सोडून. हे मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं, पण 'माझ्याशिवाय चालत नाही' याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

अरे हो, एक राहिलंच. डॉक्टरांकडे जायच्या आधी एका रात्री मी १४४१६ ला फोन केला होता. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. पलीकडच्या बाईंनी एकच विचारलं, "आत्ता तुमच्याबरोबर घरात कोण जागं आहे?" मी नवऱ्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी तोच बांबोळीला घेऊन गेला.

सोमवारी आणि गुरुवारी साडेपाचला निघते, चवथीच्या फुगडीची प्रॅक्टिस सुरू झालीय. गुडघे बोलतात, पण जाते.

परवा सेक्शनमधल्या एकीचा तीन दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्याकडे आला. कारण: इतर. मी काही न विचारता मंजूर केला, संगणक बंद केला. गुरुवार होता.