खेळाचा नियम हाच धडा

व्हिडिओ गेम वर्गात आणण्याचा विषय पालकसभेत निघाला की कपाळांवर आठ्या उमटतात, आणि घरोघरी मोबाईलवर जाणारे तास पाहता ती काळजी रास्त आहे. तरीही कोणता गेम आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय दार लावून घेणे मला पटत नाही. ‘शैक्षणिक’ म्हणून विकले जाणारे कितीतरी गेम म्हणजे उत्तर द्या आणि नाणी मिळवा एवढाच प्रकार असतो. त्यांत खेळ एकीकडे राहतो आणि अभ्यास दुसरीकडे.

१९७१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच या होतकरू इतिहास-शिक्षकाने दोन सहकाऱ्यांच्या मदतीने ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा गेम वर्गात आणला, तेव्हा त्याला पडदाही नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर मजकूर छापत असे. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाने हाताशी असलेल्या पैशांतून बैल, अन्न, कपडे आणि काडतुसे यांवर किती खर्च करावा हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे, आणि हिशेब चुकला तर प्रवास अर्ध्यावर संपायचा. तेथे टंचाई हा धडा खेळाच्या नियमातच होता. अर्थात ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीतून ही वाट गेली, त्यांची बाजू त्या नियमांत जवळजवळ नव्हती, आणि हेही शिक्षकानेच वर्गापुढे मांडायला हवे.

आपल्याकडे गोव्यात यासाठी मला खाजन शेतीइतका, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतीइतका, चांगला विषय दिसत नाही. मांडवी नदीतील चोडण-दिवाडी बेटांवरच्या मुलांना बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, परिचयाचे असतात. भरतीच्या दाबाने मानशीची दारे मिटतात, ओहोटीच्या वेळी आतले पाणी ती ढकलून नदीत जाते, आणि खारे पाणी भातशेतीबाहेर राहते. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांनी जग रचण्याच्या गेमच्या शाळांसाठीच्या आवृत्तीत असे खाजन उभारता येते. मात्र तेथील पाणी सपाट जमिनीवर उगमापासून सात ठोकळे पसरून थांबते, त्याला भरती-ओहोटी नाही, खारटपणाही नाही. मला ही उणीवच मोलाची वाटते, कारण गेममधले पाणी कोठे खोटे वागते हे सांगण्यासाठी मुलांना मांडवीचे पाणी बारकाईने पाहावे लागते आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात तेथे का पेरतात, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागते.

एका संगणकाभोवती चार मुले बसवावी लागतात, ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. एकाचा हात कळफलकावर आणि तिघांचा वाद, हीच त्या तासिकेची खरी कमाई असते, फक्त शिक्षकाने मध्येच खेळ थांबवून ‘असे का झाले?’ हे विचारले पाहिजे.

गोव्यात ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या वर्गांना कोडिंग शिकवले जातेच. त्या तासिकांमध्ये मुलांनी स्क्रॅचसारख्या, मुलांसाठीच्या सोप्या कोडिंग साधनातून खाजनाचा छोटा गेम स्वतः रचावा, दिवसातून दोनदा भरती आणावी, बांध फुटल्यास किती शेत खारावेल याचा नियम लिहावा, आणि तो नियम खरा आहे का, हे गावातल्या शेतकऱ्याला दाखवून तपासून घ्यावे.